लंकीची जागा

गजराबाईंनी माळशेज पुन्हा पाहिला तो सुनेच्या मोबाईलवर.

रोहिणी धानोरीच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होती. हात चालू आणि समोर फोन उभा करून ठेवलेला, ही तिची रोजची सवय. गॉगल घातलेला एक पोरगा त्यात सांगत होता, "पुण्याच्या गर्दीला कंटाळलात? गाडी काढा आणि एका दिवसात माळशेजला जाऊन या!" मग हिरवे डोंगर आले, धरणाचं पाणी आलं, आणि एका रिसॉर्टची हिरवळ आली. हिरवळीवर पक्ष्याच्या घरट्यासारखा झोपाळा, झोपाळ्यात हात पसरून बसलेली एक बाई, आणि तिच्या मागं डोंगराच्या धारेत पडलेली खिंड.

"थांबव," गजराबाई म्हणाल्या.

सासूबाई पलीकडं शेंगा सोलत होत्या. त्यांचं लक्ष फोनकडं आहे हेच रोहिणीला ठाऊक नव्हतं. तिनं चित्र थांबवलं. गजराबाई उठून जवळ आल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ही खिंड माझ्या वळखीची हाय. हिच्या अलीकडं माझी लंकी हाय."

लंकीची गोष्ट रोहिणीला लग्नानंतर कधीतरी कळली होती, तीही तुटक तुटक. गोरक्ष जन्मायच्या आधीची गोष्ट. दिवाळी झाली की आळे गावची चार-पाच बिऱ्हाडं मेंढरं घेऊन माळशेजानं खाली कोकणात उतरायची. घोड्यावर संसार, संसाराच्या वर बांधलेली पोरं. त्या साली घाटाच्या माथ्यावर वाडा बसला होता. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्कामाचा तळ. तिथं दोन वर्षांची लंकी तापानं फणफणली आणि सकाळी गार झाली. एका हिरड्याच्या झाडाखाली तिला पुरलं, वर दगड रचले, आणि उन्हं चढायच्या आत वाडा हलवावा लागला, कारण मागून दुसरे कळप येत होते आणि चारा तेवढाच होता. पुढं नवऱ्यानं, राघूनं, ती वाटच सोडली. दुसऱ्या घाटानं उतरू लागले. मग मेंढरंही गेली, राघूही गेला. गजराबाई पुन्हा तिथं गेल्याच नाहीत.

"मला तिथं ने," त्या म्हणाल्या. विनंतीचा सूर नव्हता. पाणी आण म्हणावं तशा म्हणाल्या.

रात्री जेवताना रोहिणीनं विषय काढला. गोरक्षचा घास हातातच राहिला. माणूस वाईट नव्हता. चाकणच्या कंपनीत राबायचा, आईच्या गोळ्या कधी चुकवायचा नाही. पण आईच्या दुःखाची त्याला भीती वाटायची. ते झाकूनच ठेवलेलं बरं, असं त्याचं मत.

"आई, इतकी वर्षं झाली. दगडसुद्धा राह्यला नसंल. जाऊन बघशील काय? उगं जिवाला त्रास."

"मला व्हईल तो तरास. तुला कशापायी?"

"बीपी वाढलं म्हंजे?"

"घरात बसून कमी व्हतंय का?"

"मला सुट्टी न्हाई. आन् गाडी कोण चालवणार?"

"मी चालवते," रोहिणी म्हणाली.

गोरक्ष हसला. चिडला असता तर तिला चाललं असतं, पण तो हसला. गाडी शिकून तिला दोन वर्षं झाली होती. क्लास लावला होता, लायसन्स काढलं होतं. पण त्यांच्या जुन्या पांढऱ्या वॅगनआरचं स्टिअरिंग तिच्या हातात यायचं ते विश्रांतवाडीच्या मंडईपर्यंत. त्यातही तो शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबायचा.

"मंडई येगळी, हायवे येगळा," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

रविवारी त्याची पहिली पाळी होती. कंपनीची बस त्याला पहाटेच घेऊन गेली. रोहिणीनं भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. गजराबाई तोवर ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून, कपाळाला कुंकवाच्या जागी बुक्का लावून दाराशी उभ्या होत्या. सासूबाईंना रोहिणी आत्या म्हणायची. तिनं नवऱ्याला एवढाच मेसेज टाकला: आत्यांना घेऊन माळशेजला चालले. मग फोन पर्समध्ये टाकला आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

मोशीपर्यंत तिच्या तळव्यांना घाम होता. चाकणच्या चौकात गाडी बंद पडली. मागं ट्रक, बाजूला ट्रक, कंटेनरवाला काच खाली करून ओरडला, "बाई, घरी भाकऱ्या थापा की!"

गजराबाईंनी आपल्या बाजूची काच खाली केली. मेंढरामागं ओरडून कमावलेला आवाज अजून शाबूत होता. "थापूनच निघालोय! खातो का?"

कंटेनरवाल्यानं काच वर केली. रोहिणीला हसू फुटलं, आणि हसता हसता गाडी सुरू झाली. त्यानंतर तिला घाम आला नाही. खेड गेलं, मंचर गेलं, कळंबच्या बाहेरून रस्ता मोकळा लागला. नारायणगावच्या पुढं टोमॅटोचे ट्रक लागले, ते तिनं एकेक करून मागं टाकले. पर्समध्ये फोन वाजत होता. ती थांबली नाही.

आळेफाट्याला मात्र थांबावं लागलं. वळणावर, ओतूरकडं गाडी वळते तिथं, दादाभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते. डोईला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गजराबाईंचे धाकटे दीर. भावकीत अजून मेंढरं राखणारे तेवढेच एक. गोरक्षनं कंपनीतून त्यांना फोन लावला होता, हे सांगायची गरजच नव्हती.

"वैनी, उतरा खाली. घरी चला. पोरगं लई काळजीत हाय."

"पोराला सांगा, आई हरवली न्हाई."

"तिथं काय राह्यलं न्हाई वैनी. मी दर साली जातोया त्या अंगानं. समदं तारंचं कुंपाण पडलंय. हिरडा तोडला. हाटेल झालंय मोठं."

"तुमी दर साली जाता?" गजराबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मला कंदी बोलला न्हाई."

दादाभाऊंनी पटका काढून डोकं खाजवलं. रोहिणीला ते एकाएकी फार म्हातारे वाटले.

"खड्डा मीच खांदला व्हता, वैनी. मिसरूड फुटलं न्हवतं तवा. काय बोलू?"

मागून एसटीनं हॉर्न दिला. दादाभाऊ बाजूला झाले नाहीत, पण अडवूनही धरलं नाही. खिडकीतून त्यांनी आपली काठी आत सरकवली.

"मी न्हाई येत. मला बघवत न्हाई. पर ही असू द्या. तिथं चढ हाय."

मग रस्त्याच्या कडेला होऊन त्यांनी फोन काढला आणि पुतण्याला ठणकावून सांगितलं ते रोहिणीलाही ऐकू आलं. "गेल्या त्या. न्हाई थांबवल्या मी. तू तुझी मशीन बघ."

ओतूरच्या पुढं डोंगर जवळ आले. मढ मागं पडलं तसं उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसू लागलं. रविवार असल्यामुळं गाड्याच गाड्या. मुंबईच्या, पुण्याच्या, नाशिकच्या. पोरं छपरातून वर डोकी काढून ओरडत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना सोनकीची पिवळी फुलं. गजराबाई एकाही गोष्टीकडं बघत नव्हत्या. त्यांचं बघणं फक्त डोंगराच्या धारेवर होतं. एका फाट्यावर त्यांनी काठी काचेवर आपटली.

"हितनं."

फाट्यावर मोठी पाटी होती: मेघमहाल रिसॉर्ट अँड व्ह्यू पॉइंट. चढ संपला तिथं लोखंडी फाटक, शेजारी केबिन, आणि गाड्यांची रांग. यांची पाळी आली तेव्हा राखणदार खिडकीशी वाकला. पन्नाशीचा माणूस, मढचाच. छातीवरच्या बिल्ल्यावर गेणभाऊ असं नाव.

"डे पॅकेज का व्ह्यू पॉइंटचं तिकीट, ताई?"

रोहिणीनं पर्स उघडली. पण सासूबाईंचा हात पर्सवर येऊन बसला.

"कशाचं तिकीट?"

"आत जायचं, आजी."

"माझी लेक हाय आत. लेकीला भेटाया तिकीट काढू?"

"आत कामाला हायेत का? नाव सांगा, बोलावतो."

"लंका राघू. ती येनार न्हाई. पुरलीय तिला हितं."

गेणभाऊ सरळ उभा राहिला. त्यानं एकदा रोहिणीकडं पाहिलं, एकदा म्हातारीकडं, आणि केबिनमध्ये जाऊन फोन केला. थोड्या वेळानं आतून मॅनेजर आला. तिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाव सुदर्शन. बोलणं अगदी गोड.

"नमस्कार आजी. काहीतरी गैरसमज झालाय. हा प्लॉट खाजगी आहे. इथं तसं काही नाहीये."

"प्लाट कंदी झाला? आमी उतरायचो तवा रान व्हतं."

सुदर्शननं मागच्या गाड्यांकडं नजर टाकली आणि आवाज खाली घेतला. "मॅडम, तुम्ही समजून घ्या. रविवार आहे, फॅमिली गेस्ट आहेत. हे असं प्रेताबिताचं कानावर गेलं तर लोक घाबरतात. तुम्ही असं करा, तिकीट वगैरे काही नको. माझ्याकडून फ्री. आत या, चहा घ्या, आजींना व्ह्यू दाखवा. फक्त तो विषय नको. कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणा."

रोहिणीला क्षणभर बरं वाटलं. भांडण टळतंय, काम होतंय. आणखी काय पाहिजे? ती सासूकडं वळली. गजराबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"इतकी वरसं गप बसले," त्या म्हणाल्या. "नवरा म्हनला बोलू नको, गप बसले. ल्योक म्हनतो बोलू नको. आता ह्यो बी म्हनतोय बोलू नको. रोहिणे, तू पन म्हन."

रोहिणीला घरातलं ते हसू आठवलं, ताट घेऊन उठलेली पाठ आठवली. तिनं गाडी बंद केली. किल्ली काढून कुर्त्याच्या खिशात घातली आणि बाहेर येऊन दार लोटलं. गाडी होती तिथंच राहिली, फाटकाच्या बरोबर तोंडाशी.

"आम्ही फिरायला आलेलो नाही," ती मोठ्यानं म्हणाली, मागच्या तीन गाड्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. "माझी नणंद इथं पुरलीय. तिला भेटायला आलोय. चहा नको."

"मॅडम, गाडी काढा. मागं लाईन लागलीय."

"लागू दे."

हॉर्न सुरू झाले. सुदर्शन एका गाडीकडून दुसरीकडं हात जोडत पळू लागला. आणि एवढ्यात रोहिणीच्या ध्यानात आलं की सासूबाई गाडीत नाहीत. त्या उतरून, फाटक सोडून, कुंपणाच्या कडेनं काठी टेकत निघाल्या होत्या. फाटकापासून थोडं पुढं तार जरा सैल होती. तिथं त्या थांबल्या. काठीनं खालची तार वर उचलली, ओचा सावरला, आणि मेंढीच्या चपळाईनं नाही तरी तिच्याच हिमतीनं वाकल्या.

"आत्या!" रोहिणी धावली.

"तार धर. लोकांच्या कुपाटीतनं मेंढरं काढण्यात जल्म गेला माझा. ही काय तार हाय?"

रोहिणीनं तार धरली. गजराबाई पलीकडं गेल्या. मग रोहिणी वाकली, आणि तिचा कुर्ता खांद्यापाशी टर्रकन फाटला. बटणं लावणाऱ्या बाईला कापड फाटल्याचं एरवी केवढं दुःख. आज तिनं वळूनही पाहिलं नाही.

दोघी हिरवळीवरून चालू लागल्या. पाण्याच्या टाक्यात पोरं डुंबत होती, स्पीकरवर हिंदी गाणं लागलं होतं, लोक ताटं हातात घेऊन रांगेत उभे होते. हिरव्या नऊवारीतली म्हातारी आणि फाटक्या खांद्याची बाई अशी वरात मधून निघाली तसं एकेक जण बाजूला होत गेलं. मागून सुदर्शन धापा टाकत येत होता.

झोपाळ्यापाशी गजराबाई थांबल्या. समोर खिंड. अगदी फोनमधल्यासारखी.

आणि मग त्या गोल फिरल्या. दोन पावलं डावीकडं गेल्या, परत आल्या. जमीन सगळी सपाट केलेली. एक चढ नाही, एक खळगा नाही, झाडाचा बुंधाही नाही. सगळीकडं सारखंच मखमली गवत. रोहिणीनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. सासूबाईंना जागा ओळखता येत नव्हती.

"बघा," सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज आता गोड नव्हता. "सांगत होतो ना? काही नाहीये इथं. आजींचं वय झालंय. चला आता. गेणभाऊ! यांना बाहेर घ्या."

गेणभाऊ मागं येऊन उभा होता.

गजराबाईंनी खिंडीकडं पाहिलं. उन्हाकडं पाहिलं. मग झोपाळ्याच्या खांबापासून चार हात अंतरावर दादाभाऊंची काठी उचलून गवतात खोल रोवली.

"हितं."

"कशावरून?" सुदर्शननं विचारलं.

"मी आई हाय तिची. मी म्हनते हितं, म्हंजे हितं. तू खांदून बघनार हायेस का?"

म्हातारीला खात्री नव्हती, हे रोहिणीला दिसलं होतं. तरी ती पुढं झाली आणि काठीशी जाऊन उभी राहिली. लंकी दोन हात इकडं असेल नाहीतर वीस हात तिकडं. या डोंगरावर होती एवढं खरं. आणि एवढ्या डोंगरावर तिच्या नावानं ओंजळभर जागा कुणी ठेवली नव्हती, हेही खरं.

बागेच्या वाफ्याला कडेनं चुन्यानं रंगवलेले दगड लावले होते. रोहिणीनं त्यातला एक उपटला आणि काठीच्या बुडाशी आणून ठेवला. मग दुसरा. गजराबाई खाली बसून ते रचू लागल्या.

"अहो, डेकोरेशन आहे ते! गेणभाऊ, उभे काय राहिलात? उचला त्यांना!"

गेणभाऊनं टोपी काढली. "साहेब, बाईमाणसाला मी हात लावणार नाय. तुमाला लावायचा तर लावा."

सुदर्शननं भोवती पाहिलं. ताटं हातात धरून पाहुणे बघत होते. एक जाडजूड बाई आपल्या नवऱ्याला कानात काहीतरी सांगत होती. मग ती ताट खाली ठेवून आली, कुणालाही न विचारता वाफ्यातला एक दगड घेतला, रचलेल्यांत ठेवला आणि परत जाऊन जेवू लागली. स्पीकर कुणीतरी बंद केला.

"गाडीचा नंबर लिहून घेतोय मी," सुदर्शन म्हणाला. "कंप्लेंट होणार तुमच्यावर."

"लिहा की," रोहिणी म्हणाली. "नाव पण लिहा. रोहिणी गोरक्ष, राहणार धानोरी. आणि कशासाठी आलो होतो तेही लिहा. गाळू नका."

ढीग गुडघ्याएवढा झाला. गजराबाईंनी त्यावर बुक्का वाहिला, भाकरीचा तुकडा ठेवला. रडतील असं रोहिणीला वाटलं होतं. गोरक्षला तीच भीती होती. पण त्या रडल्या नाहीत. ढिगावर हात ठेवून त्या लंकीशी बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा, चांगल्या खणखणीत आवाजात. तुला एक भाऊ हाय म्हणाल्या. भित्रा हाय, पर मायाळू हाय. ही तुझी भावजय, गाडी लई झ्याक चालवती.

परत येताना मात्र फाटकातूनच आल्या. गेणभाऊनं ते सताड उघडलं होतं. रोहिणीचा फोन नंबरही त्यानं मागून घेतला. मागच्या गाड्यांतल्या लोकांनी शिव्या घातल्या, त्या रोहिणीनं ऐकून घेतल्या, गाडी सुरू केली आणि वळवली.

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या तेव्हा गोरक्ष पार्किंगमध्येच उभा होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, कुठं ओरखडा आहे का बघितलं. ओरखडा नव्हता. मग बायकोचा फाटका खांदा पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं.

"आधी माझं ऐकून घ्या," रोहिणी म्हणाली. आणि तिथंच, लिफ्टच्या दारात, तिनं सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

गोरक्ष म्हणाला, "उद्या काढून टाकतील ते दगड."

"काढू दे," गजराबाई म्हणाल्या. "परत रचू."

दगड काढलेच. मंगळवारी गेणभाऊचा फोन आला. पुढच्या रविवारी दोघी पुन्हा गेल्या आणि पुन्हा रचले. तेही काढले. तिसऱ्या खेपेला गोरक्षनं सुट्टी टाकली आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसला. आळेफाट्याला दादाभाऊ गाडीत चढले, आणि ढिगाशी सगळ्यात जास्त वेळ तेच बसले. त्या दिवशी सुदर्शन लांबूनच बघत राहिला. तक्रार काही कुठं झाली नाही.

त्यानंतर रिसॉर्टनं दगड हलवले नाहीत. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी ढिगाभोवती मेंदीचं दाट कुंपण लावलं. लपवायलाच लावलंय ते, गोरक्ष चिडून आईला म्हणाला.

"लावू दे," गजराबाई म्हणाल्या. "पोरीला आडोसा झाला."